आरए फॅक्टर निगेटिव्ह

माझा आरए फॅक्टर, म्हणजे आमवाताचा संशय आला की रक्तात शोधतात ती अँटिबॉडी, निगेटिव्ह आहे. पहिल्यांदा तपासला तेव्हाही होता, नंतर पुन्हा तपासला तेव्हाही तोच आला. आणि मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांनीही तेव्हा सांगितलं नाही.

मी ग्रंथालयात काम करते. पुस्तकं काढायची, लावायची, परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा. शिक्का मारताना मूठ आवळून खाली दाब द्यावा लागतो आणि तो सगळा भार बोटांच्या मुळाशी येतो. दुखायला सुरुवात तिथेच झाली, उजव्या हाताला. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा उजवा हात दुखला तर कुणाला नवल वाटणार? पण थोड्याच दिवसांत डावा हातही तसाच दुखायला लागला, आणि अगदी त्याच बोटांत. डाव्या हाताने मी शिक्का मारत नाही.

सकाळची तऱ्हा वेगळीच. उठल्यावर मूठ वळायची नाही. बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. ब्रश कसाबसा धरता यायचा, पेस्टचं झाकण मात्र फिरायचं नाही. तासाभराने, कधी त्याहूनही उशिरा हात सुटायचे आणि मग दुपारी सगळं बरं चाललेलं असायचं. त्यामुळे घरच्यांना वाटे, सकाळी हिचा मूड नसतो. हा सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, हा संधिवाताच्या तपासणीतला फार कामाचा प्रश्न आहे. वयोमानाने सांधे झिजतात तेव्हाही सकाळी आखडल्यासारखं होतं, पण ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातं, आणि दुखणं दिवसभराच्या वापराने वाढत जातं. आतून सूज असेल तर उलटं होतं. विश्रांतीने सांधा आखडतो, हालचालीने मोकळा होतो. पहिल्या डॉक्टरांनी मला हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल. "संधिवात नाही," असं सांगून त्यांनी कॅल्शियमच्या आणि दुखलं तर घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी बरं वाटायचं, हेही सांगायला हवं. त्या सूज थोडी उतरवतात, वेदना दाबतात. सांध्याचं आत चाललेलं नुकसान मात्र त्यांनी थांबत नाही, आणि जास्त दिवस घेतल्या तर पोट आणि किडनी दोन्हींना त्रास होऊ शकतो.

मग गुडघा सुजला. एका रात्रीत टम्म फुगला, वाकेना. हाडांच्या डॉक्टरांनी सुईने त्यातलं पाणी काढलं. मी पाहत होते. फिकट पिवळं आणि गढूळ. त्यांनी सुईच्या टोकावरून एक थेंब मुद्दाम गळू दिला. निरोगी सांध्यातला द्राव चिकट असतो, त्याची तार निघते. माझा थेंब पाण्यासारखा टपकन पडला. "आत सूज आहे," ते तिथल्या तिथे म्हणाले. मग ते पाणी प्रयोगशाळेत गेलं. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर तो ताबडतोब कळावा लागतो, कारण तो सांधा काही दिवसांत खराब करू शकतो. दुसरं म्हणजे गाउट, युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार. त्याच्या ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं, म्हणून खरा पुरावा द्रावातले सुईसारखे स्फटिक. माझ्या पाण्यात ना जंतू निघाले ना स्फटिक. पांढऱ्या पेशी मात्र भरपूर. "हे माझ्या हातातलं काम नाही," असं स्वच्छ सांगून त्यांनी मला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट बाईंनी रिपोर्टांची फाइल बाजूला ठेवली. आधी विचारत गेल्या. सकाळी किती वेळ? दोन्हीकडे सारखंच? डोळे कोरडे पडतात का, लाल होतात का? तोंड येतं? अंगावर कुठे खपल्या, नखांवर खड्डे? (सोरायसिसमुळेही सांधे धरतात.) मध्यंतरी ताप येऊन गेला होता का? चिकुनगुन्यासारख्या विषाणूंनंतर सांधे कित्येक महिने दुखू शकतात, आणि दिसायला ते आमवातासारखंच दिसू शकतं. पाठ सकाळी आखडते का? घरात कुणाला? सिगारेट? सिगारेटचा सांध्यांशी काय संबंध, असं मला वाटलं. संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा. धूम्रपानाने हा आजार होण्याची शक्यता वाढते आणि झाल्यावर औषधांचा परिणामही कमी होतो.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि एकेक सांधा दाबायला सुरुवात केली. आपल्याला वाटतं, डॉक्टर उगीच चाचपून बघतात. त्या दाबण्याला माप असतं. त्यांच्या अंगठ्याच्या नखाखालचा गुलाबी रंग पांढरा पडेल इतका दाब, प्रत्येक सांध्याला तेवढाच. दुखलं की वेगळी नोंद, सूज असली की वेगळी. सूज डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त कळते. दोन बाजूंनी दोन बोटं ठेवायची, वरून दाबायचं आणि आतलं मऊसर काही बाजूला सरकतं का पाहायचं. झिजलेल्या सांध्याची गाठ हाडासारखी टणक लागते. माझी बोटं भिजलेल्या स्पंजासारखी लागत होती. बोटांची शेवटची पेरं, नखाजवळची, साफ मोकळी होती. तिकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ही वाचली आहेत ना, हेही काहीतरी सांगतंय." आमवात शेवटच्या पेरांना सहसा हात लावत नाही. झीज मात्र त्यांनाच आधी गाठते.

त्यांनी विचारलं, किती सांधे दुखतात? मी म्हटलं, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं, मनगटं आणि एक गुडघा.

"मोजे काढा," त्या म्हणाल्या.

पायाचं मी काहीच बोलले नव्हते. सकाळी जमिनीवर पाय टेकला की चवड्याखाली खडे असल्यासारखं वाटायचं, पण ते मी चपलांच्या माथी मारलं होतं. त्यांनी चवडा दोन्ही बाजूंनी मुठीत धरून दाबला आणि मी जवळजवळ ओरडलेच. मग बोटांच्या मुळाचा एकेक सांधा वेगळा दाबला. दोन्ही पायांचे मिळून कितीतरी सांधे वहीत चढले.

या चढलेल्या आकड्याला एवढं महत्त्व का, ते नंतर कळलं. अमेरिका आणि युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनांनी २०१० साली मिळून आमवाताचे निकष ठरवले. एका तरी सांध्यात नक्की सूज हवी, आणि तिचं दुसरं कारण सापडता कामा नये. ही अट पुरी झाली की दहापैकी गुण मोजायचे. सहा किंवा जास्त झाले की आमवात. सांध्यांना जास्तीत जास्त पाच गुण, रक्तातल्या अँटिबॉडींना तीन, ईएसआर किंवा सीआरपी (रक्तातून सूज दाखवणाऱ्या तपासण्या) वाढलं असेल तर एक, आणि त्रास सहा आठवडे किंवा अधिक असेल तर एक. अँटिबॉडी म्हणजे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. माझं अँटी-सीसीपीही निगेटिव्ह आलं, म्हणजे तिथे शून्य. आता गणित बघा. लहान सांधे चार ते दहा धरले असतील तर तीन गुण मिळतात. तीन आणि एक आणि एक, पाच. नापास! धरलेले सांधे दहाच्या वर गेले, आणि त्यातला एक जरी लहान असला, तर मात्र थेट पाच गुण. माझे झाले सात. पायांचे सांधे मोजले नसते तर मी पाचावर अडकले असते. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडायला केलेले आहेत, त्यावर डोळे मिटून निदान करायचं नसतं, हेही बाईंनी बजावलं. पण अँटिबॉडी नसलेल्या रुग्णाचं सगळं वजन मोजणाऱ्याच्या बोटांवर असतं, हे त्या गणितातून मला जितकं पटलं तितकं कुठल्या व्याख्यानाने पटलं नसतं.

आणि आरए फॅक्टर? आमवात असलेल्या बऱ्याच जणांत तो आयुष्यभर निगेटिव्ह राहतो, आणि आमवात नसलेल्या कितीतरी लोकांत, विशेषतः उतारवयात किंवा हिपॅटायटिस सी असताना, पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपीचा भरवसा जास्त. ती पॉझिटिव्ह असेल तर आमवात असण्याची शक्यता खूप. निगेटिव्ह असेल तर मात्र तीही आजार नाही असं म्हणू शकत नाही.

बाकीच्या तपासण्या पटापट झाल्या. हातापायांचे एक्स-रे स्वच्छ होते, आणि सुरुवातीला ते बहुधा तसेच असतात. हाडाला खाचा पडायला वेळ लागतो, आणि त्या पडायच्या आत औषध सुरू व्हावं हाच तर सगळा खटाटोप. सोनोग्राफीत मात्र मनगटाच्या आतलं अस्तर जाड झालेलं दिसलं आणि डॉपलर लावल्यावर त्यात लाल-केशरी ठिपके लुकलुकले. तिथे रक्तप्रवाह वाढला होता, म्हणजे सूज चालू होती. छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी, लिव्हर, किडनी हे सगळं पुढच्या औषधासाठी.

ते औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. नाव इंटरनेटवर टाकलं की पहिल्याच ओळीत कॅन्सर येतो. माझ्या नणंदेने ते वाचून रात्री फोन केला, "अगं, तुला नेमकं झालंय काय? आमच्यापासून लपवू नकोस." तिला समजावता समजावता मलाही समजलं. कॅन्सरसाठी हेच औषध कितीतरी पट मोठ्या मात्रेत देतात. सांध्यांसाठी आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. अमेरिकेत आमवातासाठी त्याला १९८८ साली मान्यता मिळाली आणि आजही जगभर बहुतेकांचे उपचार त्याच्यापासूनच सुरू होतात.

आठवड्याला, रोज नाही. हे मी पुन्हा लिहिते. बाईंनी चिठ्ठीवर 'फक्त शनिवारी' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, माझ्याकडून वाचून घेतलं, आणि घरातल्या आणखी एकाला सांगायला लावलं. हे औषध चुकून रोज घेतल्याने तोंड सोलवटून, रक्तपेशी घटून माणसं दगावली आहेत. शनिवार मी निवडला, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी. मळमळ, जडपणा, डोक्यात धुकं, हे काहींना दुसऱ्या दिवशी होतं आणि मला झालं. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी, त्याने हा त्रास कमी होतो. दारू टाळायची. गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही, त्यामुळे पाळी चालू आहे का, गर्भनिरोधक काय वापरता, हे बाईंनी चाळिशी उलटलेल्या मलाही सरळ विचारलं. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी रक्त: पेशी, लिव्हर, किडनी.

सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ते सोसायला सोपं, पण अनेक वर्षांत डोळ्याच्या पडद्यावर परिणाम करू शकतं. म्हणून सुरुवातीला एकदा डोळे तपासून ठेवायचे, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. तोवर काय करायचं? तोवर प्रेडनिसोलोन, कमी मात्रेत. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, आणि ते अगदीच बिनबुडाचं नाही. पण त्या पहिल्या सकाळी मूठ पूर्ण वळली तेव्हा मी ती पुन्हा पुन्हा वळून बघितली. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्ण स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच यांना केंडल आणि राइखस्टाइन या संशोधकांबरोबर नोबेल मिळालं. मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ दिलं की चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं हे सगळं मागाहून दिसलं. म्हणून आता त्याचा उपयोग पुलासारखा, पलीकडे पोचलो की उतरायचं. उतरायचं तेही पायरी-पायरीने, एकदम बंद करायचं नाही. मला त्याने झोप येईनाशी झाली. रात्री दोन वाजता मी कपाटं आवरायचे.

दर भेटीत पुन्हा मोजणी. आता नेमके अठ्ठावीस सांधे: खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस. किती दुखतात, किती सुजलेत, ईएसआर किती, आणि चौथी गोष्ट म्हणजे मीच ओढायची एक खूण. कागदावर शंभर मिलिमीटरची आडवी रेघ, डाव्या टोकाला 'उत्तम', उजव्या टोकाला 'अतिशय वाईट'. तुम्ही कुठे आहात? या रेघेने मला फार छळलं. आदल्या दिवशी वार्षिक मोजदादीत शंभर पुस्तकं सापडेनाशी झाली असतील तर मी कुठे खूण करू? सांध्यांचं सांगायचं की माझं? बाई म्हणाल्या, जे वाटतं तिथे करा, म्हणून तर ती खूण एकटीच धरत नाहीत. या चारांतून डीएएस२८ नावाचा आकडा निघतो. ५.१ च्या वर म्हणजे आजार जोरात, ३.२ च्या खाली म्हणजे बराच आटोक्यात, २.६ च्या खाली म्हणजे शांत. उपचारांचं सूत्र असं की उद्दिष्ट आधी ठरवायचं आणि तीन महिन्यांत नीट सुधारणा नसेल किंवा सहा महिन्यांत तिथे पोचलो नाही, तर औषध बदलायचं किंवा वाढवायचं. 'थोडं बरं आहे' यावर समाधान मानायचं नाही. मला खरं तर थोडं बरं चाललं असतं. बाईंना चालत नव्हतं.

म्हणून तिसरं औषध आलं, सल्फासॅलाझिन. त्याने लघवी नारिंगी होते, हे आधी सांगितलेलं असूनही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलेच. याच काळात फिजिओथेरपिस्टकडून हातांचे व्यायाम शिकले. सुजलेल्या सांध्याला हलवू नये ही समजूत तिने पहिल्याच दिवशी मोडून काढली. जाड पेन, पुस्तकांचा गठ्ठा बोटांच्या चिमटीत न धरता दोन्ही तळव्यांवर, आणि शिक्का बदलून आपोआप शाई लागणारा, तळव्याने दाबायचा. अशा बारीकसारीक बदलांना लोक फार हसण्यावारी नेतात. मला त्यांचा गोळ्यांइतकाच आधार झाला.

आकडा २.६ च्या खाली गेला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण चवडे सकाळी अजून बोचत होते. अठ्ठावीस सांध्यांच्या यादीत पाऊल नाही! घोटाही नाही. ज्या सांध्यांनी माझं निदान पक्कं केलं तेच या आकड्याला दिसत नव्हते. बाईंना हे ठाऊक होतं, त्या आकडा काढून झाल्यावरही चवडे दाबत. सोनोग्राफीत तिथे ठिपके अजून लुकलुकत होते.

पुढचा पर्याय बायोलॉजिक औषधांचा होता. ही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मिळू लागलेली इंजेक्शनं सूज पेटवणाऱ्या एखाद्या नेमक्या रसायनाला अडवतात. ती देण्याआधी शरीरात टीबी दबा धरून बसलेला नाही ना, हे पाहावंच लागतं, कारण औषधाने तो जागा होऊ शकतो. माझी ती तपासणी झाली, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीही झाल्या. पण त्याआधी बाईंनी एक गोष्ट करून पाहायची ठरवली. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या एका मर्यादेपुढे वाढवल्या तरी पोटातून तितक्या प्रमाणात शोषल्या जात नाहीत. तेच औषध कातडीखाली इंजेक्शनने दिलं तर पूर्ण पोचतं. आता मी दर शनिवारी रात्री मांडीत स्वतःच टोचून घेते. मळमळ निम्म्यावर आली, आणि पुढच्या काही महिन्यांत चवडेही शांत झाले. बायोलॉजिकची फाइल तयार आहे, सध्या तरी कपाटात.

औषधं कधी बंद होतील, हा प्रश्न मी विचारून झाला आहे. सगळी एकदम बंद केली तर अनेकांचा आजार उलटतो. स्टेरॉइड तर सुटलंच आहे. बाकीची, किमान सहा महिने पूर्ण शांतता टिकली तर, एकेक करून सावकाश कमी करून पाहता येतात. त्याप्रमाणे सध्या सल्फासॅलाझिनची एक गोळी कमी केली आहे. पुढच्या महिन्यात रक्त आहे, मग मोजणी, मग पावलांची सोनोग्राफी. त्यात काही पेटलेलं दिसलं तर गोळी परत सुरू, नाहीतर दुसरी कमी.